आपत्काळची पडशी

हितोपदेशांतील तीन मत्स्यांची कथा आम्हीं शाळेंत तीस वर्षें शिकविली. अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति आणि यद्भविष्य अशीं त्यांचीं नांवें. उद्यां येथें जाळें टाकूं, हें कोळ्यांचें बोलणें कानीं पडतांच पहिल्यानें दुसरा जलाशय गांठला. दुसरा जाळ्यांत सांपडला, पण मेल्याचें सोंग घेऊन निसटला. तिसरा ‘होणार असेल तें होईल’ म्हणून स्वस्थ राहिला आणि प्राणांस मुकला. कथा संपली म्हणजे आम्ही मुलांना विचारीत असूं, “बाळांनो, तुम्ही यांपैकीं कोण?” सारा वर्ग एकमुखानें पहिल्याचें नांव घेई. “आणि गुरुजी, आपण कोण?” असा उलट प्रश्न मात्र तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें केला नाहीं. त्याचें उत्तर आम्हांस ११ जानेवारी २०२० रोजीं सायंकाळीं आपोआप मिळालें, आणि तें सांगावयास आम्हांस अजूनही संकोच वाटतो.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही बोईसर येथें एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतों. तो शनिवार होता. आई देवापुढें वात सारखी करीत होती, सौभाग्यवती स्वयंपाकघरांत होत्या, आम्ही दुसऱ्या दिवशींची तिथि पाहत बसलों होतों. इतक्यांत एकाएकीं प्रचंड आवाज झाला आणि खिडक्यांचीं तावदानें थरथरलीं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून जिल्ह्याच्या उत्तर भागांत भूकंपाचे धक्के बसत होते; त्यामुळें ‘भूकंप! भूकंप!’ म्हणून सारी इमारत जिना उतरूं लागली. आम्हीही उतरलों. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत स्फोट झाला, हें पुढें कळलें. त्यांत आठ जीव गेले. परंतु पहिला अर्धा तास तें कोणासच ठाऊक नव्हतें. कोणी म्हणे धरणी हालली, कोणी म्हणे वायु सुटला, आणि कोणी अणुकेंद्राच्या दिशेकडे बोट दाखवून गप्प बसे.

अंगणांत आल्यावर आम्हीं आपल्या हातांकडे पाहिलें. उजव्या हातांत छत्री होती, डाव्या हातांत पंचांग. सौभाग्यवतींनीं दुधाचें पातेलें झांकणासकट आणलें होतें. शेजारच्या गृहस्थांच्या मुठींत दूरदर्शन चालू-बंद करण्याचें यंत्र होतें. एकमेकांकडे पाहून आम्ही हंसलोंही. हंसूं ओसरलें तेव्हां ध्यानांत आलें, कीं आई खालीं आलेली नाहीं.

ती आमच्या मागोमाग येत आहे अशी आमची समजूत, आणि मुलगा आपल्याला न्यावयास परत येईल अशी तिची. शहाऐंशी वर्षांची ती माता अंधाऱ्या जिन्याच्या तोंडाशीं भिंत धरून उभी होती. वरच्या मजल्यावर भाड्यानें राहणारा, उत्तरेकडून कारखान्यांतील नोकरीसाठीं आलेला एक तरुण धांवत उतरत असतां त्यानें तिला पाहिलें, पाठीवर घेतलें आणि आमच्यापुढें आणून उभें केलें. येतांना त्यानें आमच्या घराचें दार सद्भावनेनें ओढून घेतलें होतें. किल्ली आंत. सौभाग्यवतींची हृदयविकाराची आठ वाजतांची गोळीही आंत. कुलूप उघडणारा मिळेपर्यंत दहा वाजून गेले. सुदैवानें अपाय कांहीं झाला नाहीं. परंतु त्या दोन तासांत आमचें लक्ष आकाशाकडे नव्हतें, शेजारीं बसलेल्या माणसाच्या श्वासाकडे होतें. यद्भविष्य कोण, याविषयीं आमची शंका त्या रात्रीं फिटली.

हा प्रदेश आणि त्याचीं संकटें

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा पालघर जिल्हा मोठा सुंदर आहे. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्यावर माडां-सुरूंच्या ओळी, पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा. पण बोईसर-तारापूरच्या पट्ट्यांत चार निरनिराळीं संकटें हाकेच्या अंतरावर नांदतात. तारापूर येथें देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र आहे. त्याचे पहिले दोन संच १९६९ सालीं सुरू झाले आणि प्रत्येकीं ५४० मेगावॉट शक्तीचे आणखी दोन २००५ व २००६ सालीं त्यांत येऊन मिळाले. तें केंद्र आणि लोहमार्ग यांच्या दरम्यान औद्योगिक वसाहत आहे व तींत रसायनांचे कारखाने पुष्कळ आहेत. उत्तरेस डहाणू-तलासरीकडे धुंदलवाडीच्या परिसरांत धरणी अधूनमधून कांपते. आणि समुद्र तर सर्वांचा शेजारी. ११ नोव्हेंबर २००९ चें फयान, ३ जून २०२० चें निसर्ग, मे २०२१ चें तौक्ते हीं वादळें कोंकणच्या किनाऱ्यानें अनुभविलेलीं आहेत.

यांपैकीं भूकंपाची हकीकत विशेष बोधप्रद आहे. ते धक्के बहुधा लहानच. फार मोठा म्हणावा तो चाराच्या थोडा वर. पण एकामागून एक शेंकडों धक्के बसूं लागल्यावर लोकांचा भिंतींवरील विश्वास उडाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलानें तंबू उभारले, कुटुंबेंच्या कुटुंबें थंडींत उघड्यावर निजलीं, मुलांचे वर्ग झाडांखालीं भरले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं एकाच दिवसांत अनेक धक्के बसले, तेव्हां घाबरून बाहेर पळण्याच्या गडबडींत एक दोन वर्षांची बालिका पडून दगावली. तिच्यावर घर कोसळलें नव्हतें. तिचा जीव घेतला तो घबराटीनें. ही गोष्ट आम्हीं वर्तमानपत्रांत वाचली होती, हळहळलों होतों, आणि पान उलटलें होतें.

हात काय उचलतात?

आमच्या पिढीच्या घरोघरीं पानशेतची कथा ऐकलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याची भिंत ढासळली आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून धरण तोलून धरिलें होतें. पण शहरांतील कित्येकांना पाणी येत असल्याची बातमी पाण्याबरोबरच मिळाली. आमची मावशी तेव्हां नारायण पेठेंत राहत असे. तिला पाव तास मिळाला. त्या पाव तासांत तिनें लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर ठेवल्या, पितळी घंगाळ माळ्यावर चढविलें आणि तान्ह्या मुलाला घेऊन ती शेजारच्या वाड्याच्या गच्चीवर गेली. मुलाचा दुधाचा डबा खालीं राहिला. यजमानांचीं प्रशस्तिपत्रें व घराचीं खतें ट्रंकेंत राहिलीं. फळी गेली, बरण्या गेल्या, ट्रंकही गेली. “पोर रात्रभर रडत होतें आणि मी मनांत घंगाळाचा विचार करीत होतें,” असें ती पुढें म्हातारपणापर्यंत सांगे, आणि दर वेळीं सांगतांना तिचा चेहरा उतरे.

मावशी मूर्ख नव्हती. आठ माणसांचा संसार तिनें पैन्‌पै मोजून चालविला. दोष तिचा नव्हे, त्या वेळेचा होता. भीतीच्या क्षणीं बुद्धि विचार करीत नाहीं; हात सवयीचें किंवा चकाकणारें तेवढें उचलतात. तिनें बरण्या उचलल्या, आम्हीं पंचांग उचललें. यावर उपाय एकच. उचलावयाचें काय, हें मन स्वस्थ असतांना ठरवून, बांधून, दाराशीं टांगून ठेवणें. महाभारताच्या शांतिपर्वांत राजधर्म आणि मोक्षधर्म यांच्या मध्यें आपद्धर्म सांगितला आहे, आणि ही मत्स्यकथाही थोड्या फरकानें त्यांतच आढळते. आपत्तींत कसें वागावें याचा विचार आपत्ति येण्यापूर्वींच करावयाचा असतो, हेंच त्या रचनेचें मर्म आम्हांस वाटतें.

पडशी कशी भरावी?

पडशी म्हणजे काय, हें वारकऱ्याला विचारावें. तो पंधरा-वीस दिवसांचा संसार खांद्यावर टाकून पंढरीची वाट चालतो, आणि वाटेंत नको झालेली वस्तु दुसऱ्या वर्षीं बरोबर घेत नाहीं. आपणही तोच नियम पाळावा. पेटी नको, हातांत धरावयाची पिशवी नको. दोन्ही खांद्यांवर अडकविण्याची, शाळेंतील मुलें नेतात तशी पाठपिशवीच घ्यावी. कारण पडशीचा खरा उपयोग वस्तु नेण्याचा नाहीं. वस्तु पाठीवर जाऊन दोन्ही हात मोकळे राहावे, हा आहे. ते हात कशासाठीं हवेत, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

चालत्या प्रत्येक माणसाची पडशी निराळी असावी, म्हणजे ताटातूट झाली तरी कोणी अगदींच रिता राहत नाहीं. ती भरून झाली कीं पाठीवर घेऊन एकदां जिना उतरावा व चढावा. धाप लागली तर निम्में सामान काढावें. आमच्या पहिल्या पडशींत आम्हीं दोन ग्रंथ, तांब्या-भांडें आणि लोंकरी घोंगडी भरली होती. पहिल्या मजल्यावरच आम्हांस बसावें लागलें.

पाण्यापासून आरंभ करूं. पिण्या-स्वयंपाकास माणशीं दिवसाला तीन लिटर धरलें तर चौघांना तीन दिवसांस छत्तीस लिटर, म्हणजे छत्तीस किलो वजन होतें. तें कोण वाहील? म्हणून माणशीं एक-दोन लिटर पाणी, आणि पुढचें पाणी शुद्ध करण्यास क्लोरीनच्या गोळ्या. पाकिटावरील प्रमाण कटाक्षानें पाळावें. जुलाब-वांत्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. म्हणून साखर-मिठाच्या पुड्या मोजूनच बांधाव्या.

खाण्यास चूल लागूं नये. सातूचें पीठ गूळ-पाण्यांत कालविलें कीं जेवण झालें. खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की हीं त्यास जोड. आमच्या सौभाग्यवतींनीं येथें एक नामी युक्ति काढली. दर संकष्टीला पडशींतील खजूर, लाडू, चिक्की उपासाला खावयाची आणि ताजी भरून ठेवावयाची. कांहीं वायां जात नाहीं व कांहीं खवट होत नाहीं.

औषधें निदान आठवड्याचीं, आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. चष्मा लागत असेल त्यानें जुना चष्मा टाकून न देतां पडशींत ठेवावा; कवळीची डबी, कर्णयंत्राचे घट यांचा विसर पडूं देऊं नये. तान्हें मूल असेल तर त्याचें दूध, वाटी-चमचा, लंगोट. मुली-सुनांच्या मासिक अडचणीचें सामानही न संकोचतां ठेवावें. विजेरी व तिचे घट, लहानसा आकाशवाणी-संच, भ्रमणध्वनीस वीज पुरविणारी पेटिका, आणि एक शिटी. ढिगाऱ्याखालीं किंवा पुरांत हांका मारून घसा बसतो. शिटी दूरवर ऐकूं जाते. मेणबत्ती व काड्यापेटी मात्र आमच्या पडशींत नाहीं. जेथें वायुगळतीचा संशय, तेथें ज्योत पेटविणें म्हणजे संकटास आमंत्रण.

आणि एक जुनें, मऊ झालेलें नऊवारी सुती लुगडें. नव्या बाजारांत या कामासाठीं दहा वस्तु विकावयास असतील; पण हें एक वस्त्र अंथरूण होतें, पांघरूण होतें, झोळी होते, पट्टी होते, पीळ देऊन दोर होतो, आणि ओलें करून नाकातोंडावर धरलें कीं धूर व कित्येक वायूंचा मारा कांहीं अंशीं कमी होतो.

कागदांविषयीं चार शब्द. मूळ कागद घरींच राहावे कीं पडशींत, याचा वाद घालीत बसूं नये. आधारपत्र, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचें पुस्तक, विमा, निवृत्तिवेतनाचा आदेश, मुलांचीं गुणपत्रकें यांच्या छायाप्रती प्लास्टिकच्या पाकिटांत घालाव्या. कित्येक प्रमाणपत्रें आतां सरकारच्या डिजिलॉकरमध्येंही ठेवतां येतात. मावशीच्या यजमानांना तशी सोय असती तर त्यांच्या आयुष्याचीं कांहीं वर्षें अर्ज करण्यांत गेलीं नसतीं. परंतु यंत्राची वीज संपते. म्हणून आप्तेष्टांचे दूरध्वनि क्रमांक, ११२ व १०८, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, हे ठळक अक्षरांत कागदावर लिहून प्रत्येक पडशींत ठेवावे. थोडे रुपये लहान नोटांत असावे. घराची दुसरी किल्ली, हें तर आमच्याकडून सांगणेंच नको!

एवढें सगळें भरल्यावर आईनें विचारलें, “आणि देव?” आमच्या देवघरांत पंचायतन आहे, आजोबांच्या वेळचा बाळकृष्ण आहे, टाक आहेत. आम्ही निरुत्तर झालों. शास्त्र शिकलेला मुलगा गप्प बसलेला पाहून आईनेंच डब्यांतून एक सुपारी काढली, चिंधींत गुंडाळली आणि आपल्या पडशीच्या कप्प्यांत ठेविली. “सुपारीवर गणपतीचें आवाहन आपण करतोंच कीं नाहीं? बाकीचे देव घर राखतील,” एवढेंच ती म्हणाली. काय सोडून जातां येतें, याचा धडा आम्हांस ग्रंथांपेक्षां त्या सुपारीनें अधिक चांगला शिकविला.

पडशी एक, वाटा चार

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पडशी तयार असली म्हणजे ती उचलून धांवतच सुटावें असें नाहीं. संकटागणिक पावलांची दिशा बदलते.

भूकंपांत जमीन हालत असतां पडशीला हातही लावूं नये. भक्कम टेबलाखालीं डोकें झांकून बसावें, जिन्याकडे धांवूं नये. हालणें थांबल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर व विजेचा मुख्य खटका बंद करून, भिंतींपासून दूर, मोकळ्या जागीं जावें. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, हे दोन्ही भूकंप पहांटे चारच्या आगेमागे झाले. म्हणून पायांत घालावयाच्या वहाणा व विजेरी उशाशींच हवी. अंधारांत फुटक्या कांचेवर पाय पडला तर पुढचें सारेंच अडतें.

कारखान्यांतून वायु सुटला तर आधीं वारा पाहावा. धूर, झेंडा, झाडाचा शेंडा, कांहींही त्याची दिशा सांगतो. किनाऱ्याजवळ बहुधा दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो व रात्रीं उलट. औद्योगिक वसाहत लोहमार्गाच्या पश्चिमेस असल्यामुळें दिवसाचा वारा पूर्वेकडील वस्तीवर येण्याचा संभव अधिक. अशा वेळीं वाऱ्याबरोबर पळूं नये. त्याला आडवें, उत्तरेस किंवा दक्षिणेस जावें. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं भोपाळांत जे वाऱ्याच्या दिशेनें धांवले, त्यांच्याबरोबर तो विषारी वायुही धांवला. निघण्याची वाट सुरक्षित नसेल, किंवा ‘घरांतच राहा’ अशी सूचना असेल, तर दारें-खिडक्या लावून, फटींत ओलीं फडकीं कोंबून आंत बसावें.

अणुकेंद्राविषयीं लोकांच्या मनांत भीति फार आणि माहिती थोडी. केंद्राभोंवतींचें १६ किलोमीटरपर्यंतचें क्षेत्र आपत्काळाच्या नियोजनासाठीं आंखलेलें असतें. बोईसर त्यांत येतें, आणि प्रशासन तेथें रंगीत तालमीही घेतें. तशी वेळ आलीच तर पहिला नियम बहुधा पळण्याचा नसून घरांत शिरण्याचा असतो. दारें लावावीं, पंखे बंद करावे, उघडें अन्न व उघड्या विहिरीचें पाणी वर्ज्य करावें आणि सूचनेची वाट पाहावी. पोटॅशियम आयोडाइडची गोळी कंठग्रंथीचें किरणोत्सर्गी आयोडिनपासून रक्षण करते, इतर कशापासून नाहीं. तीही अधिकाऱ्यांनीं सांगितल्यावरच घ्यावी.

वादळाची गोष्ट याहून वेगळी, कारण त्याची सूचना कांहीं दिवस आधीं मिळते. तेथें अट एकच, अनागतविधात्याप्रमाणें लौकर निघावें. वारा सुटल्यावर निघणारास वाट मिळत नाहीं.

ज्यांना पडशी उचलत नाहीं

मार्च २०११ मध्यें जपानांत फुकुशिमा येथील अणुकेंद्राचा अपघात झाला, तेव्हां भोंवतालचा वीस किलोमीटरचा प्रदेश रिकामा करण्यांत आला. त्या घाईंत रुग्णालयांतील अंथरुणास खिळलेले कित्येक वृद्ध प्रवासांतच किंवा त्यानंतर लौकरच वारले. आणि पुढें स्थलांतराच्या हालअपेष्टांनीं त्या प्रांतांत दोन हजारांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत वृद्धांचा भरणा फार होता. त्यांस किरणांनीं मारलें नाहीं. औषधावांचून, उबेवांचून, ओळखीच्या माणसावांचून झालेल्या प्रवासानें मारलें. हें वाचलें त्या दिवशीं आम्हांस अंधाऱ्या जिन्याशीं उभी असलेली आई दिसली.

म्हणून पडशीच्या जोडीला एक यादी हवी. आमच्या इमारतींत आतां जिन्याच्या तोंडाशीं एक कागद लावलेला आहे. कोणत्या घरांत न चालवणारें माणूस आहे, त्यास कोणीं आणावयाचें, तो तरुण पाळीवर असेल तर त्याच्या जागीं कोणीं, हें त्यावर लिहिलें आहे. दूरदेशाहून नोकरीस आलेले जे कामगार खोल्याखोल्यांतून राहतात, त्यांना येथल्या वाटा ठाऊक नसतात आणि ध्वनिक्षेपकावरील मराठी घोषणा पुरती समजत नाहीं. तो कागद आम्हीं हिंदींतही लिहिला. आमच्या आईला पाठीवर आणणारा त्यांच्यांतलाच होता. त्याला निघण्याची वाट सांगणें हें आमच्यावरील ऋण आहे.

कांहीं स्नेही म्हणतात, “घरांत असें अभद्राचें गांठोडें कशाला टांगतां? चिंतूं नये तें चिंतलें कीं तें येतें.” त्यांचा भाव आम्हीं जाणतों. परंतु ज्या घरांत शेवटच्या घोटासाठीं गंगेचा गडू वर्षानुवर्षें देवघरांत राखून ठेवतात, त्या घरांत जगण्यासाठीं बाटलीभर पाणी राखून ठेवणें अशुभ कसें? मरणाची तयारी करावयास आम्ही भीत नाहीं आणि वांचण्याची करावयास भितों, हें विपरीत नव्हे काय?

पडशीची तपासणी वर्षांतून दोनदां करावी. एकदां मृगापूर्वीं, म्हणजे पावसाळ्यास आपण तयार राहतों. दुसऱ्यांदा दसऱ्यास. शस्त्रें व ग्रंथ पुजून झालें, कीं आमच्या इमारतींतील मंडळी सीमोल्लंघनास निघण्यापूर्वीं पडशा पाठीवर घेतात. गॅस बंद, दिवे बंद, किल्ली घेतली, जिन्यावरची यादी पाहिली, आणि अंगण. पहिल्या वर्षीं आम्हांस अकरा मिनिटें लागलीं व मुलें खदखदां हंसलीं. गेल्या दसऱ्याला चार लागलीं.

आई आतां नव्वदी ओलांडून गेली आहे. जिना तिला उतरवत नाहीं. एका हलक्या खुर्चींत बसवून पुढून तो तरुण आणि मागून आम्ही अशी तिची स्वारी उतरते. गेल्या खेपेस खालीं पोंचल्यावर तिनें मान वळवून आमच्याकडे पाहिलें आणि मिस्किलपणें विचारलें, “काय रे, छत्री राहिली का वर?” छत्री वरच राहिली होती. पंचांगही. आमच्या दोन्ही हातांत तिच्या खुर्चीची पाठ होती.